विलायती पासाची वसुली

रेल्वेचा पास ही चीज खानदेशी माणसाला अपरिचित आहे, असे कोणी समजू नये. भुसावळ हे रेल्वेच्या विभागीय कचेरीचे गाव असल्यामुळे तेथील रेल्वेवाल्यांच्या घरी वर्षाकाठी मिळणाऱ्या मोफत पासाचे 'सेट' हा कौटुंबिक अर्थकारणाचा गाभा असतो, आणि यंदाचा सेट जगन्नाथपुरीकडे वळवावा की धाकट्या मेहुणीच्या लग्नासाठी राखून ठेवावा, या प्रश्नावर तेथे जेवढा खल होतो तेवढा आमच्या जिल्हा परिषदेत अंदाजपत्रकावरही होत असल्याचे ऐकिवात नाही. भुसावळपासून चाळीसगावपर्यंतच्या पट्ट्यात रोज 'अप-डाऊन' करणारे जे शिक्षक, कारकून आणि बँकवाले आहेत त्यांच्या खिशात मासिक पास असतो. आणि तिघांच्या बाकावर बसलेल्या तिघांना "जरा सरका" एवढ्या दोन शब्दांत चौथ्याचे अस्तित्व मान्य करावयास लावण्याचा जो अधिकार त्या पासातून उत्पन्न होतो, तो कोणत्याही रेल्वे अधिनियमात लिहिलेला नाही. राहता राहिलो आम्ही धुळेकर. आमच्या वाट्याला चाळीसगावहून फुटलेला छप्पन-सत्तावन्न किलोमीटरांचा एक फाटा आला. त्यावर 'मोहाडी परगणे लळिंग' असे भारदस्त, फारुकी अमदानीच्या दफ्तरातून जसेच्या तसे उतरवून घेतल्यासारखे नाव धारण करणारे एक लहानसे स्टेशन आहे. या फाट्यावरील गाडी अखेरीस धुळ्यासच येऊन थांबते, आणि पुढे रूळच नसल्यामुळे झोपेत आपले गाव मागे पडण्याची धास्ती नसते. सबब धुळेकराला आगगाडीत जी निर्वेध निद्रा लागते ती जंक्शनच्या जळगावकराला कधीच लाभलेली नाही. मनमाड–इंदूर लोहमार्ग धुळ्यावरून नेण्याच्या मागणीत पिढ्या खपल्यानंतर त्या ३०९ किलोमीटरांच्या मार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली असल्यामुळे ही निद्राही आता फार दिवस टिकेलसे दिसत नाही.

परंतु या साऱ्या पासांत एक सूत्र समान आहे. पास काढणाराला आपण कोठे जाणार हे आधीपासून पक्के ठाऊक असते, आणि पास हे केवळ तेथवर पोहोचण्याचे साधन असते. परमुलखात प्रवाशांसाठी जो पास विकतात त्याची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. अमुक रक्कम एकदाच मोजावी, आणि मग अमुक दिवसांच्या मुदतीत वाटेल त्या गाडीत, वाटेल तितक्या वेळा, वाटेल तेथपर्यंत बसावे, असे त्याचे वचन असते. आणि वरवर पाहता ते एखाद्या उदार संस्थानिकाला शोभण्यासारखे आहे यात संशय नाही. मात्र ज्या क्षणी ती रक्कम मोजली जाते त्या क्षणी हवापालटासाठी घराबाहेर पडलेला सुखवस्तू गृहस्थ अंतर्धान पावतो, आणि त्याच्या जागी मार्चअखेरच्या धास्तीने गावोगाव हिंडणारा, बगलेत थकबाकीची यादी मारलेला एक वसुली कारकून उभा राहतो. सरोवरे, शिखरे, प्रार्थनामंदिरे आणि राजवाडे ही मग प्रेक्षणीय स्थळे उरत नाहीत. ती येणे बाकी असलेली खाती होतात. आपण पाहिले किती, हा प्रश्न मागे पडून आपले फिटले किती, हा प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतो.

या प्रकाराचा उगम युरोपात झाला. १९५९ साली तेथील रेल्वे कंपन्यांनी एकत्र येऊन 'युरेल पास' काढला तो युरोपाबाहेरच्या लोकांसाठी. युरोपातील तरुणांसाठी 'इंटररेल' नावाची निराळी सोय १९७२ साली झाली, आणि आज या पासांचा अंमल ३३ देशांवर चालतो. जपानने आपला पास १९८१ साली काढला. या सर्व योजनांचे मर्म असे की, सवलत पाहुण्याला आणि पूर्ण दर घरच्याला. आम्हा भारतीयांना हे तत्त्व पचावयास जड जाते, कारण आमच्या सरकारचा शिरस्ता याच्या अगदी विरुद्ध आहे. अजिंठ्याच्या लेण्यांच्या दारात आमच्याकडून ४० रुपये घेतात आणि परदेशी पाहुण्याकडून ६००. म्हणजे ज्याला बुद्ध पाहावयाची हौस अधिक त्याने दाम अधिक मोजावा, असा सरळ हिशेब आहे.

तरीही न्यायाने हे नमूद केले पाहिजे की, एके काळी आमच्या रेल्वेनेही पाहुण्यांसाठी असा पास ठेवला होता. 'इंडरेल पास' हे त्याचे नाव. तो अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंतच्या मुदतीचा मिळत असे, त्याचे पैसे परकीय चलनात घेत, आणि आरक्षणाचा आकार, जलद गाडीचा अधिभार वगैरे जी क्षुल्लक पण चिवट कलमे आम्हाला छळतात त्यांतून पासधारक मुक्त असे. ज्यांनी जळगाव स्टेशनावर त्या काळी गाड्यांची वाट पाहण्यात आयुष्याचा बराच भाग घालवला आहे त्यांना हे पासधारक आठवत असतील. अजिंठ्याला जाण्यासाठी उतरण्याचे स्टेशन जळगाव असल्यामुळे भल्या पहाटे एखाद्या मेलगाडीतून पाठीवर स्वतःच्या उंचीची पिशवी बांधलेले एक गोरे जोडपे फलाटावर अवतरे. हॉटेलचे भाडे वाचावे म्हणून रात्रीचा मुक्काम त्यांनी गाडीतच केलेला असे आणि त्याच्या खुणा दोघांच्या चेहऱ्यांवर व केसांवर स्पष्ट उमटलेल्या असत. रिक्षावाल्यांच्या कोंडाळ्यातून वाट काढीत ते बसस्थानकाकडे जात, फर्दापूरची एसटी पकडत, आणि संध्याकाळी पाहावे तो त्याच फलाटावर, त्याच पिशव्यांना टेकून, आग्र्याकडे नाहीतर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहताना आढळत. दोन हजार वर्षांची चित्रे दोन गाड्यांच्या दरम्यान उरकणाऱ्या या लोकांचे आम्हाला तेव्हा मोठे नवल वाटे. हा मनुष्य अजिंठ्यासाठी गाडीत बसला आहे की गाडीला अवकाश आहे म्हणून अजिंठा पाहून आला आहे, असा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारीत असू, आणि केळ्यांचा एक घड त्याच्या हाती देऊन त्याच्याविषयीची अनुकंपा व्यक्त करीत असू. त्या माणसाच्या कंबरेच्या पाकिटात एक पास आहे, त्या पासाची मुदत भरत आली आहे, आणि आग्र्याचे भाडे वसूल झाल्याखेरीज त्याच्या जिवाला स्वस्थता नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात येण्यासाठी आम्हाला स्वतःला विलायत गाठावी लागली. इंडरेल पास नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाला. त्या पासावर पाचोरा–जामनेर ही आमची अरुंद रुळांची गाडीही चालली असती, पण एखाद्या गोऱ्याने शेंदुर्णीचे भाडे वसूल केल्याचे मात्र कधी ऐकले नाही. आणि २०२० पासून ती गाडीही बंदच आहे.

आता आमच्या घराण्यातील वसुलीकडे वळतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर व निम्मी गल्ली दादा म्हणते, हे कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांची कन्या जर्मनीत असते. आम्ही दोघा भावांनी सपत्नीक तिच्याकडे जाण्याचे ठरल्यावर तिनेच युरेल पासाची सूचना केली, आणि पासाच्या अटी छापून धुळ्यास पाठविल्या. तिने त्या पाठविल्या नसत्या तर बरे झाले असते असे वहिनींचे मत आहे, कारण तो कागद हाती पडल्यापासून दादांनी निवृत्तीचा त्याग केला. लाल पेन्सिल बाहेर आली. प्रत्येक कलमास समासात क्रमांक पडला. 'प्रवासाचा दिवस' म्हणजे काय, या कलमापाशी ते विशेष रेंगाळले. कारण या पासाच्या एका प्रकारात महिना-दोन महिन्यांच्या मुदतीत मोजकेच दिवस प्रवासाचे म्हणून वापरावयाचे असतात, आणि असा एक दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत धरतात. पूर्वी सायंकाळी सातनंतर सुटणाऱ्या रात्रीच्या गाडीत बसल्यास तो प्रवास दुसऱ्या दिवसाच्या खाती पडे. आता रात्रीच्या गाडीला बसण्याचा दिवस तेवढा खर्ची पडतो, मग उतरणे दुसऱ्या दिवशी का होईना. सामान्य माणूस हे वाचून डोके धरून बसेल. दादांनी मात्र भिंतीवरचे पंचांग खाली काढले, एकादशी सूर्योदयाला धरतात मग ती पुढे तासाभरात का संपेना, हे वहिनींना पुन्हा एकदा समजावून सांगितले, आणि युरोपातील रेल्वेवाल्यांना उदयतिथीचा सिद्धान्त उशिरा का होईना पण मान्य झाला याबद्दल समाधान व्यक्त केले.

पास मोबाइलमध्ये येतो, हे कळल्यावर मात्र त्यांना गंभीर धक्का बसला. ज्या दस्तऐवजाला हात लावता येत नाही, ज्याच्यावर सही नाही, शिक्का नाही आणि ज्याची झेरॉक्स काढून ती स्थळप्रत म्हणून फायलीला लावता येत नाही, त्याच्या भरवशावर सात समुद्रांपलीकडे जाणे त्यांना प्रशस्त वाटेना. शेवटी त्यांनी मोबाइलचा पडदाच झेरॉक्सच्या यंत्रावर उपडा ठेवून पाहिला. आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने जो काळा चौकोन काढून दिला त्याचे त्याने दोन रुपये घेतले, आणि दादांनी तो चौकोन 'मूळ पासाची नक्कल' असे शीर्षक देऊन फायलीत लावला.

त्या फायलीची जर्मनीत जी परीक्षा झाली तिचा मी साक्षीदार आहे. गाडी सुटून थोडा वेळ झाला असेल. तिकीट तपासणारी तरुण मुलगी डब्यात आली. दादांनी मांडीवरची फाईल उघडली, पासपोर्ट उजवीकडे, व्हिसाची प्रत डावीकडे, मध्ये काळा चौकोन, आणि चष्मा सावरून ते जबानी देण्याच्या तयारीने सरळ बसले. मुलीने त्यांच्या हातातील मोबाइलकडे बोट केले, त्यावर आपले यंत्र धरले, 'टुक्' असा आवाज आला, ती हसली आणि पुढच्या बाकाकडे निघून गेली. एवढ्यावर सारे आटोपले. दादा बराच वेळ त्या दिशेने पाहत होते. "अरे, हिने कशावर सही केली?" ते मला म्हणाले. "दादा, तशी पद्धत नाही येथे," मी म्हणालो. "मग आपण प्रवास केला याला पुरावा काय?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खिडकीबाहेरून जी नदी वाहत होती तिच्यापाशीही नसावे. त्या दिवसापासून दादांनी स्वतःची रोजकीर्द उघडली: तारीख, कोठून, कोठे, सुटे भाडे, एकूण जमा. प्रत्येक स्टेशनावर उतरल्याबरोबर ते तिकिटांच्या यंत्रापाशी जात, आपण आलो त्या टप्प्याचे त्या दिवशीचे भाडे पडद्यावर काढून पाहत, आणि ते जितके महाग निघे तितका त्यांचा चेहरा उजळे. परदेशात महागाई पाहून आनंदित होणारा दुसरा भारतीय मी पाहिलेला नाही.

जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाविषयी आम्ही बाळपणापासून जे ऐकत आलो होतो ते आता इतिहासजमा झाले आहे, हेही सांगून टाकतो. २०२४ साली तेथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तेथे उशीर धरीतच नाहीत, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. उलट शेजारचे स्विस लोक वेळेच्या बाबतीत इतके कडवे आहेत की, फार उशिरा आलेली जर्मन गाडी ते सरहद्दीवरच्या बाझेल स्टेशनावरच रोखून धरतात, उतारूंना आपल्या गाडीत घेतात, आणि जर्मन विलंबाचा संसर्ग आपल्या मुलखात शिरू देत नाहीत. प्लेगच्या दिवसांत स्टेशनावर उतारू अडवीत असत असे आजी सांगे. विलंबासाठी गाडी अडवणारे राज्य या पृथ्वीवर असेल हे तिलाही खरे वाटले नसते. जर्मन गाडीला उशीर होऊन पुढची गाडी चुकली की सुटे तिकीट काढणारे प्रवासी कासावीस होत; दादा मात्र स्थितप्रज्ञ असत, कारण पासाला गाडीचा क्रमांक चिकटलेला नसतो, येईल त्या गाडीत बसता येते. चाळीसगाव स्टेशनावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहण्यात ज्याची हयात गेली त्याला तासाभराचा विलंब म्हणजे केवळ दशम्या सोडण्याची सवड.

स्वित्झर्लंडला पोहोचल्यावर सौभाग्यवतींनी व मी तेथला स्वतंत्र पास घेतला. याच्या व्याप्तीपुढे इतर सारे पास फिके आहेत. आगगाड्या, पिवळ्या टपालबस, शहरांतील ट्राम, सरोवरांतील बोटी हे सर्व त्यात येतेच, पण पाचशेंहून अधिक संग्रहालयांचे प्रवेशशुल्कही त्यातच येते. ही शेवटची सवलत किती घातक आहे याची कल्पना सौभाग्यवतींसारख्या काटकसरी गृहिणीबरोबर प्रवास केल्याखेरीज यावयाची नाही. जिने अजिंठ्याचे सव्विसावे लेणे पाय दुखतात म्हणून बाहेरूनच पाहिले, तिने या देशात जुनी घड्याळे, चीज करण्याची भांडी, मध्ययुगीन कुलुपे आणि पेंढा भरलेले कोल्हे यांची दालनेच्या दालने अढळ निष्ठेने पायाखाली घातली. "आवडले का?" असे विचारले तर उत्तर येई, "पासात आहे."

लुसर्नच्या सरोवरातही तेच. जुन्या वल्ह्याच्या चाकांच्या आगबोटी तेथे अजून चालतात. त्यांतील एकीने आम्ही फित्स्नाऊला उतरलो. तेथून रिगी पर्वतावर दातेरी रुळांची गाडी जाते, ती १८७१ साली सुरू झाली, आणि अशा प्रकारची ती युरोपातील पहिली. हीही संपूर्ण पासात. वर ढग इतके दाटले होते की शेजारी उभ्या असलेल्या वहिनी मला आवाजावरून ओळखाव्या लागल्या. दादांजवळ युरेल पासच असल्यामुळे ते सवलतीच्या दराने पैसे भरून वर आले होते, म्हणून दुप्पट अस्वस्थ होते. पण कोणीही परत फिरण्याची भाषा काढली नाही. गाडी आली तशी गेली, ढग होते तसे राहिले, आणि आम्ही लाकडी बाकावर बसून दशमी, शेंगदाण्याची चटणी व कैरीचे लोणचे असा फराळ केला. शेजारच्या जपानी कुटुंबाने उत्सुकतेने पाहिले म्हणून वहिनींनी त्यांनाही दशमीचा एक चतकोर दिला, आणि तो त्यांनी फोटो काढून मग खाल्ला.

या पासांचा एक अलिखित नियम मात्र आमच्या तेव्हाच ध्यानात आला. ज्या ठिकाणी जाण्यासाठी माणूस मूळ घरून निघालेला असतो, नेमका त्या ठिकाणी पास दगा देतो. धुळे-जळगावचा प्रवासी स्वित्झर्लंडला जातो तो युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरच्या बर्फात उभे राहून फोटो काढण्यासाठी. आणि स्विस पास त्याला पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड-वेंगेन गावांपर्यंत सन्मानाने नेतो, पुढे हात वर करतो आणि पंचवीस टक्के सूट देऊन बोळवण करतो. युरेल पासाचेही तसेच. फ्रान्समधील अतिजलद गाड्या पासात असतात खऱ्या, पण आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि पासवाल्यांसाठी राखलेल्या जागा मोजक्या. त्या संपल्या की गाडी रिकामी दिसत असली तरी पासधारकाला जागा नाही. हे पाहून दादांना आपल्या नोकरीतील दिवसांची आठवण झाली व ते क्षणभर हळवे झाले.

जपानचा अनुभव आमच्या जळगावच्या व्याह्यांचा आहे. व्याहीबुवांचा पिढीजाद धंदा केळ्यांचा. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे डब्यांच्या डब्यांनी केळी रवाना करण्यात ज्याचे केस पांढरे झाले त्याच्या मनात दोनच भये असतात: एक, माल वाटेत पिकण्याचे, दुसरे, डबा रिकामा परत येण्याचे. जपानच्या पासाकडे ते याच दृष्टीने पाहत, फरक इतकाच की येथे माल म्हणजे ते स्वतः. मुलगा तोकियोत नोकरीला. त्याला हा पास मिळत नाही, कारण तो तेथला रहिवासी. वडिलांना मिळतो, कारण त्यांच्या पासपोर्टावर विमानतळावर 'तात्पुरता पाहुणा' असा शिक्का मारलेला असतो. पोटच्या पोराच्या घरी आपण सरकारी शिक्क्यानिशी पाहुणे ठरलो याचे वैषम्य वाटून न घेता व्याहीबुवांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. विहीणबाईंनी मात्र, "मी लेकाला भेटायला आले, गाड्यांना नाही," असे सांगून पास घेण्याचे साफ नाकारले.

परिणाम असा झाला की, क्योतोला जाण्याच्या दिवशी कुटुंब दुभंगले. तोकियोहून क्योतोकडे जाणाऱ्या शिंकान्सेन गाड्यांत सर्वांत वेगवान ती 'नोझोमी', आणि नेमकी तीच तेव्हा पासधारकाला वर्ज्य होती. त्याने 'हिकारी'त बसावे, जी थोडी अधिक स्टेशने घेते. मायलेक रोख तिकिटाने नोझोमीत बसले, व्याहीबुवा पासावर हिकारीत. मायलेक आधी पोहोचून क्योतोच्या फलाटावर उभे राहिले, आणि मागाहून हिकारी आली तेव्हा तिच्यातून व्याहीबुवा विजयी मुद्रेने उतरले, "तुमचे दोघांचे किती गेले?" हा पहिला प्रश्न विचारीत. मुदतीच्या अखेरच्या दिवशी पास 'रिकामा' जातो आहे हे पाहून ते एकटेच सेंदाईला गेले. तोकियोपासून अतिजलद गाडीने दीडेक तासाचे हे शहर. जाऊन-येऊन भाडे वीस हजार येनांहून अधिक. "सेंदाईला काय पाहिलेत?" मी त्यांना विचारले. "फलाट पाहिला ना," ते म्हणाले, "केळ्याचे वेफर्स खाल्ले आणि परतीच्या गाडीत बसलो. पण भाडं बघा की भाऊ!" येथे हे सांगितले पाहिजे की ही हकीकत ऑक्टोबर २०२३ पूर्वीची आहे. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस सात दिवसांच्या साध्या पासाचा दर २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. जादा पैसे भरून नोझोमीत बसण्याची मुभा मिळाली हे खरे, पण केवळ तोकियो–क्योतो जाऊन येणाऱ्याचे सुटे भाडे अठ्ठावीस हजारांच्या आसपास पडत असल्यामुळे आता एवढ्यावर पास फिटत नाही. व्याहीबुवा ही दरवाढ हायवेलगतची जमीन भाव चढण्याआधी घेतलेल्या माणसाच्या तृप्तीने सांगतात, आणि आपण आपल्या मुदतीत तो किती पटीने वसूल केला हे न विचारताही सांगतात.

दादा धुळ्याला परतले तेव्हा गल्लीतल्या एका वृद्ध सुताराने ओट्यावरूनच त्यांना अहिराणीत हटकले, "कथा कथा फिरनात, दादा? पैसा वसूल व्हयना ना?" युरोप कसा होता, हे त्याने विचारले नाही, आणि दादांनाही ते खटकले नाही. त्यांनी रोजकीर्द आणून दाखविली. सुट्या भाड्यांची बेरीज पासाच्या किमतीहून भक्कम जास्त निघत होती. मुलीने फोनवर एक क्षुद्र हरकत घेतली: दादांनी भाडी लिहिली ती ऐनवेळच्या दराने, पण तेथे तीच तिकिटे महिना-दोन महिने आधी काढली तर पुष्कळ स्वस्त पडतात, आणि तसा हिशेब केला तर बेरीज पासाच्या खाली येते. दादांनी ही हरकत मुदतबाह्य म्हणून फेटाळली. मुलगी स्वतः मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेल्या आणि नंतर महाग झालेल्या देशव्यापी मासिक तिकिटावर हिंडते. ते साध्या गाड्यांत चालते, जलद गाड्यांत नाही, आणि ती कोणत्याही वसुलीच्या भानगडीत न पडता दर शनिवारी कोठे तरी जाऊन स्वस्थ बसते. दादांच्या मते ही तरुण पिढी हिशेबात कच्ची आहे.

रोजकीर्द सध्या वहिनींच्या ट्रंकेत आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे आणि जुन्या दफ्तरांची तेथे उत्तम निगा राखली जाते. शे-दोनशे वर्षांनी कोणा अभ्यासकाला खानदेशचा युरोपवरील महसुली अंमल सिद्ध करावयाचा झाल्यास हे बाड तेथे दाखल करावे, अशी दादांची इच्छा आहे. मंडळाला अद्याप कोणी विचारलेले नाही.

वाचकांपैकी कोणी परदेशी पास घेण्याच्या विचारात असतील तर त्यांनी आधी सुट्या तिकिटांची बेरीज करावी, आणि ती दादांप्रमाणे ऐनवेळच्या भावाने न करता आगाऊ भावाने करावी. स्वित्झर्लंडमध्ये एकाच गावी मुक्काम ठेवून अधूनमधून डोंगर चढावयाचे असतील तर पासापेक्षा महिन्याभराचे अर्ध्या भाड्याचे कार्ड बहुधा स्वस्त पडते. जपानात क्योतोपलीकडे दूरवर जावयाचे असेल तरच पासाचा विचार करावा. युरेल पास सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणाला कमी दराने मिळतो आणि साठीनंतर दहा टक्के सूट मिळते, म्हणजे तो एकतर लग्नाआधी घ्यावा किंवा मुले मार्गी लागल्यावर. आणि ज्यांना यांपैकी कोणतीच बेरीज करावयाचा उत्साह नाही त्यांच्यासाठी आपल्या एसटी महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून चालू आहे: चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास, महाराष्ट्रभर कोठेही. तो जळगावच्या आणि धुळ्याच्या बसस्थानकावर मिळतो, आणि त्याला व्हिसा लागत नाही.